तिसरा उंदीर

क्लिफर्ड साइक्सच्या घरी साप आला तो सप्टेंबरातल्या एका शनिवारी, दुपारच्या जेवणाच्या थोडा आधी, आणि तो फक्त तीन आठवड्यांसाठी आला होता.

आणला होता त्याच्या मुलीने, हेदरने. तिला नॉर्वेत नोकरी लागली होती. तिथल्या घरमालकिणीने मांजर चालेल, कुत्रा चालेल, मित्र राहायला आला तरी चालेल, पण साप नको, असं स्वच्छ कळवलं होतं. म्हणून साप इंग्लंडात हडर्सफील्डला, आईबापांकडे. आफ्रिकेतल्या लहान जातीचा अजगर. हातभर लांब काचेची पेटी, वर दिवा, आत उलटी ठेवलेली एक फुटकी कुंडी, आणि त्या कुंडीत डोकं पोटाशी घेऊन चेंडूसारखी वेटोळं करून बसलेली ती. नाव ब्रेंडा.

"विकली जाईपर्यंतच, बाबा," हेदर म्हणाली. "सापवाल्यांच्या क्लबात सांगून ठेवलंय. तीन आठवडे, फार तर चार."

"माझ्या आत्याचं नाव ब्रेंडा होतं," डोरीन म्हणाली. डोरीन म्हणजे क्लिफर्डची बायको.

"तिच्यावरूनच ठेवलंय. ती पण कुणाशी बोलायची नाही."

डोरीनने यावर थोडा विचार केला आणि ते तिला पटलं. "वरच्या लहान खोलीत राहू दे," ती म्हणाली. "पण तिच्या खाण्याचे ते मेलेले उंदीर माझ्या फ्रीजरमध्ये येणार नाहीत, हे आत्ताच सांगते."

उंदीर फ्रीजरमध्ये गेले. सगळ्यात खालच्या खणात, वाटाण्यांच्या पिशवीच्या मागे, आईस्क्रीमच्या एका रिकाम्या डब्यात. डोरीनने डब्यावर कागद चिकटवला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हे आईस्क्रीम नाही.'

क्लिफर्डला कुणी काही विचारलं नाही. त्यात नवल नव्हतं. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात क्लिफर्डला जे जे विचारलं गेलं त्याला त्याने "काहीही चालेल" असंच उत्तर दिलं होतं, त्यामुळे लोकांनी हळूहळू विचारणं सोडून दिलं होतं. एकदा दुकानदाराने चुकून अर्ध्या नंबराने लहान बूट बांधून दिले. ते त्याने चार वर्षं घातले. बदलून आणायला जायचं म्हणजे दुकानात उभं राहून 'मला दुसरे हवेत' असं म्हणायला लागलं असतं, आणि 'मला हवंय' हे शब्द क्लिफर्डच्या तोंडून निघत नसत.

अडतीस वर्षं तो लोकरीच्या गिरणीत रंगखात्यात होता. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवी आणि त्या तुकड्याच्या रंगाशी सुताचा रंग जुळवायचा, हे त्याचं काम. उत्तरेच्या खिडकीपाशी उभं राहून तो दोन धागे शेजारी धरी आणि 'हिरवट मारतोय' किंवा 'झालं' एवढंच म्हणे. त्यातही तपकिरी रंगात त्याचा हात कुणी धरत नसे. गिरणीच्या वहीत तपकिरी रंगाच्या एकेचाळीस छटा होत्या आणि त्या त्याला नंबरांनिशी पाठ होत्या. दोन वर्षांपूर्वी गिरणी बंद पडली. तेव्हापासून तो खालच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून रस्त्याकडे पाहत असे. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

हेदर जाताना सगळं लिहून देऊन गेली. दर दहा दिवसांनी उंदीर. आदल्या दिवशी बाहेर काढायचा, मग कोमट पाण्यात ठेवायचा, इतका की हाताला जिवंत प्राण्याइतका ऊबदार लागला पाहिजे. लांब चिमट्याने शेपटी धरून तिच्यासमोर धरायचा. आणि पेटीच्या बाजूला दोऱ्याने टांगलेल्या कार्डावर पेन्सिलीने नोंद करायची. कार्डावर तीन रकाने होते. तारीख, काय झालं, आणि कात.

सापवाल्यांत या कार्डाला मोठा मान. साप विकला की कार्ड त्याच्याबरोबर जातं, आणि कार्डावर लिहिलेलं खरं धरून पुढचा माणूस त्या सापाला सांभाळतो. साप काही सांगत नाही. जे काय सांगायचं ते कार्ड सांगतं.

पहिल्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता क्लिफर्डने डोरीनच्या मापाच्या भांड्यात उंदीर ऊन केला आणि ब्रेंडासमोर धरला. ब्रेंडाने जीभ दोनदा बाहेर काढली, उंदराकडे पाहिलं, आणि डोकं वेटोळ्यात घेतलं. वीस मिनिटांनी क्लिफर्डने कार्डावर लिहिलं, 'नाकारलं.'

दहा दिवसांनी, 'नाकारलं.' त्यानंतर दहा दिवसांनी, 'नाकारलं.'

तीन आठवडे उलटून गेले तेव्हा क्लबातून फोन आला. क्लबाच्या चिटणीस पेग लॉकवुड. वय चौऱ्याहत्तर, पूर्वी बसमध्ये कंडक्टर होत्या, घरी एकतीस साप.

"खाते का रे, राजा?" त्यांनी विचारलं. त्या सगळ्यांनाच राजा म्हणत, पोस्टमनलाही.

"नाही, मिसेस लॉकवुड."

"पेग म्हण. मग विकता नाही यायची. उपाशी साप गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. लागोपाठ तीन जेवणं कार्डावर लागली की मला कळव. मीच येऊन घेऊन जाईन. माझ्याकडे तिच्या जातीचा एक नर आहे, एकटाच असतो बिचारा."

"तोवर काय करू?"

"काही नाही. थंडीत त्यांना भूक नसते. पुढे धरायचं, नाही म्हणाली की उचलायचं. आग्रह करायचा नाही. तुला जमेल ना? लोकांना आग्रह न करणंच जमत नाही."

क्लिफर्ड म्हणाला की जमेल. हे एक काम असं होतं ज्यात तो मुळातच तयार होता.

तर दर दहा दिवसांनी तो वर जाऊन चिमटा धरून बसू लागला. वीस मिनिटं हात स्थिर धरून बसायचं म्हणजे नुसतं बसता येत नाही, कुठेतरी बघावं लागतं. तो ब्रेंडाकडे बघू लागला. तिच्या अंगावर गडद रंगात फिकट रंगाची बेटं होती. सवयीने त्याने मनात नंबर लावायला सुरुवात केली. पाठीवरचा गडद तो एकोणतीस नंबर. बेटांच्या मधला सतरा, पण कडेला येता येता तो अकराकडे झुकतो. बरगडीपाशी एक पट्टा होता तो बाविसात बसत नव्हता आणि तेविसातही बसत नव्हता. दिव्याच्या पिवळ्या उजेडात नीट कळत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तो उजेडात बघायला पुन्हा वर गेला. मग रोज सकाळी जाऊ लागला. नोव्हेंबरात खिडकीजवळची खुर्ची खालच्या खोलीतून वरच्या खोलीत गेली.

"तिथे काय करतोस तासन् तास?" डोरीनने विचारलं.

"बघतो."

"ती काय करते?"

"काही नाही."

"म्हणजे इथे बसून जे करत होतास तेच, पण आता जोडीनं," डोरीन म्हणाली आणि इस्त्री करायला लागली.

ख्रिसमस झाला, नाकारलं. नवं वर्ष लागलं, नाकारलं. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात क्लिफर्डच्या लक्षात आलं की ब्रेंडाचा रंग उतरतोय.

दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. एकोणतीसचा तीस झाला, तिसाचा एकतीस, मग त्यात राखाडी चढली. गिरणीत असं सूत आलं असतं तर त्याने पुरी खेप परत पाठवली असती. पाचव्या दिवशी सकाळी तिने कुंडीतून डोकं बाहेर काढलं आणि तिचे दोन्ही डोळे दुधाळ निळे झालेले होते, साय धरल्यासारखे. ती त्याच्याकडे तोंड करून होती आणि तिला तो दिसत नव्हता.

ती उपासाने आंधळी झाली, असं क्लिफर्डने ठरवून टाकलं. डोरीन बाजारात गेली होती. त्याने कपाटातून उशीचा एक अभ्रा काढला, कारण साप नेताना अभ्र्यात नेतात एवढं हेदरने सांगितलं होतं. ब्रेंडाला त्यात ठेवलं, तोंडाशी गाठ मारली, गरम पाण्याची रबरी पिशवी भरली, आणि दोन्ही ओव्हरकोटाच्या आत छातीशी धरून तो बसमध्ये बसला. बाहेर गारा पडत होत्या.

शेजारच्या बाई त्याच्या कोटाकडे बघत होत्या. "तान्हं आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. उशी."

थोड्या वेळाने उशी हलली. बाई उठून पुढच्या सीटवर गेल्या.

पेगने दार उघडलं, अभ्र्याच्या आत डोकावून पाहिलं, आणि त्याला आत घेऊन पहिल्यांदा चहा दिला.

"आंधळी झाली," क्लिफर्ड म्हणाला. "माझ्यामुळे. मी आग्रह करायला हवा होता."

"आंधळी नाही झाली, राजा. कात टाकणार आहे. डोळ्यावरची कातसुद्धा सुटी होते, म्हणून निळं दिसतं. आठवडाभरात निघेल. घरी ने, पेटीत ओलं शेवाळ ठेव, आणि तोवर हात लावू नकोस. पुन्हा असल्या हवेत तिला बाहेर काढलंस तर मी तुलाच अभ्र्यात घालेन."

क्लिफर्डने कप खाली ठेवला. रुमाल काढून नाक पुसलं, मग पुन्हा पुसलं. पेग उठून दुसऱ्या पेट्यांतलं पाणी बदलायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

कात निघाली ती मंगळवारी. क्लिफर्ड सकाळी वर गेला तेव्हा ब्रेंडा कुंडीच्या कडेला नाक घासत होती. पुढची पन्नास मिनिटं तो हलला नाही. ओठांपासून सुरुवात करून ती आपल्याच अंगातून हळूहळू बाहेर आली, पायमोजा उलटा काढावा तशी. मागे राहिलेली कात त्याने उचलून खिडकीशी धरली. अखंड होती. शेपटीच्या टोकापर्यंत एकेक खवला होता, आणि डोक्याच्या जागी दोन बारीक गोल भिंगं होती, स्वच्छ, ज्यांतून ती इतके दिवस त्याच्याकडे बघत आली होती.

मग त्याने ब्रेंडाकडे पाहिलं. ओल्या अंगावर सकाळचा उजेड पडला होता. त्याने सवयीने पाठीवरचा गडद धरला आणि नंबर शोधू लागला. एकोणतीस नव्हता. अठ्ठावीस नव्हता. त्याने एकेचाळीसच्या एकेचाळीस छटा पहिल्यापासून मोजल्या आणि मग उलट मोजल्या. तो रंग वहीत नव्हता. अडतीस वर्षं ज्या वहीला तो पुरी समजत होता तिच्यात तो कधीच नव्हता.

तो जेवायला खाली आला तेव्हा दोन वाजून गेले होते.

"रडलास की काय?" डोरीनने विचारलं.

"नाही. उजेडाकडे बघत होतो."

डोरीनने त्याच्या ताटलीत बटाटे वाढले आणि आणखी काही विचारलं नाही.

मार्चच्या मध्यावर एका संध्याकाळी त्याने उंदीर पुढे धरला आणि चिमट्याला हिसका बसला. ब्रेंडाने उंदराला तीन वेढे घातले होते. क्लिफर्डचा हात तसाच हवेत राहिला. मग तो जिना उतरून आला.

"खाल्लं," तो म्हणाला.

"कुणी?" डोरीन म्हणाली. मग तिला कळलं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "म्हणजे आणखी दोन. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझा खण मोकळा."

क्लिफर्डने तोवर या बाजूने विचार केला नव्हता. सहा महिने त्याने तिने खावं म्हणून वाट पाहिली होती, आणि खाणं म्हणजे जाणं हे पेगने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं.

दहा दिवसांनी तिने दुसरा उंदीर खाल्ला. त्याने कार्डावर 'खाल्लं' लिहिलं, इतक्या बारीक अक्षरांत की चष्म्याशिवाय वाचता येऊ नये. डोरीनला चष्मा होता. तिने पेगला फोन केला. तिसरा रविवारी, म्हणजे सोमवारी सकाळी कार्ड बघायला येते, कधी न्यायचं ते मग ठरवू, असं पेगने सांगितलं.

त्या आठवड्यात क्लिफर्डने चार वेळा डोरीनशी बोलायचं ठरवलं. पहिल्या वेळी तो म्हणाला, "मी म्हणत होतो," आणि डोरीन म्हणाली, "काय?" आणि तो म्हणाला, "पाऊस येईलसं वाटतंय." बाकीच्या तीन वेळी तो इतकंही बोलला नाही.

रविवारी संध्याकाळी तो मापाचं भांडं घेऊन उभा राहिला. त्याच्या मनात आलं, की उंदीर नीट ऊन केला नाही तर ती खाणार नाही. गार उंदराला या जातीचे साप तोंड लावत नाहीत. नुसतं पाच मिनिटं आधी काढायचा, बस. त्याने पाण्यात बोट घातलं. पाणी कोमट होतं. मग त्याने किटलीतलं थोडं कढत पाणी त्यात ओतलं आणि उंदीर हाताला बरोबर लागेपर्यंत थांबला. तिला गार जेवण वाढणं त्याच्याने होईना.

ब्रेंडाने तो अकरा मिनिटांत खाल्ला. खाऊन झाल्यावर तिने दोनदा जांभई दिल्यासारखा जबडा उघडला, जागेवर बसवला आणि कुंडीत गेली.

क्लिफर्डने कार्ड हातात घेतलं. गिरणीत असताना त्याने न जुळलेल्या रंगाला कधी 'झालं' म्हटलं नव्हतं. त्यासाठी एकदा साहेबाच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. त्याने पेन्सिलीला टोक केलं आणि लिहिलं, 'नाकारलं.'

सोमवारी साडेदहाला पेग आली. फुलाफुलांचा अभ्रा सवयीप्रमाणे घडी करून काखेत. मागोमाग डोरीन चहाचा ट्रे घेऊन वर आली. लहान खोलीत तिघं आणि एक पेटी म्हणजे गर्दीच झाली.

पेगने चष्मा लावून कार्ड वाचलं. वरपासून वाचलं, सगळी नाकारलेली वाचली.

"दोन खाल्ले, तिसरा नाकारला," ती म्हणाली.

"हो," क्लिफर्ड पेटीच्या पायाकडे बघत म्हणाला. "म्हणजे परत पहिल्यापासून मोजायला लागणार. तीन लागोपाठ हवेत ना."

डोरीनने ट्रे खिडकीत ठेवला.

"चालतंय, राजा. दोनांनी भागेल."

"पण नियम तीनचा आहे."

"गिऱ्हाइकासाठी. मी काय गिऱ्हाईक आहे? उपाशी साप मी खाते केलेत ते तुझ्या बोटांवर मावणार नाहीत. घेऊन जाते हिला." तिने अभ्रा झटकून उघडला, डाव्या हातावर पसरला, आणि उजव्या हाताने काच सरकवली.

"हात लावू नका," क्लिफर्ड म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. पण डोरीनच्या हातातली चमचा ठेवायची बशी तशीच राहिली. चाळीस वर्षांत तिने त्याला कुणालाही असं सांगताना ऐकलं नव्हतं.

"का रे?" पेगने विचारलं.

"अठ्ठेचाळीस तास झाले नाहीत."

पेगचा हात पेटीत होता तिथेच थांबला. जेवलेल्या सापाला दोन दिवस उचलायचं नाही, हे सापवाल्यांच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. उचललं तर खाल्लेलं सगळं उलटून येतं, आणि कधी कधी साप त्यातून उठत नाही. न जेवलेल्याला मात्र हवं तेव्हा उचलावं. त्याला तासांचा हिशेब नाही.

पेगने सावकाश हात बाहेर काढला. वाकून कुंडीच्या आत पाहिलं. ब्रेंडाच्या मधोमध मुठीएवढा फुगवटा होता.

"हे काय आहे?"

"उंदीर."

"कार्डावर नाही तो."

"नाही."

पेगने काच सरकवून बंद केली, चष्मा काढला आणि क्लिफर्डच्या खुर्चीत बसली. "तीस वर्षं मी कार्डं वाचतेय," ती म्हणाली. "न खाल्लेलं खाल्लं म्हणून लिहिणारे शंभर बघितले. आमचा खजिनदार त्यातलाच. पण खाल्लेलं नाकारलं म्हणून लिहिणारा हा पहिला." तिने कप उचलला. "हवी आहे का तुला ही?"

क्लिफर्डने डोरीनकडे पाहिलं.

"तिच्याकडे नको बघू. तिला नाही विचारलं मी."

"कुणाची हरकत नसेल तर," क्लिफर्ड म्हणाला.

"आणि असली तर?"

खालच्या रस्त्याने दूधवाल्याची गाडी गेली. दोघी बायका आपापल्या परीने वाट बघत होत्या, आणि दोघींपैकी एकीनेही आग्रह केला नाही.

"असली तरी हवी आहे," तो म्हणाला.

"चहा गार होतोय," डोरीन म्हणाली.

पेगने चहा पुरा केला, तीन बिस्किटं खाल्ली, आणि जाण्याआधी कार्ड त्याच्यापुढे धरलं. "हे नीट कर. खोटं कार्ड माझ्या क्लबात चालत नाही." क्लिफर्डने 'नाकारलं' खोडलं आणि वर 'खाल्लं' लिहिलं, या वेळी नेहमीच्या अक्षरात. पेगने अभ्र्याची घडी केली, काखेत मारली, आणि जिना उतरता उतरता सांगितलं की मंगळवारी सात वाजता क्लबाची बैठक असते, आणि नव्या माणसाने बिस्किटं आणायची असतात.

संध्याकाळी नॉर्वेहून फोन आला. डोरीनने घेतला. वरच्या खोलीचं दार उघडं होतं, त्यामुळे क्लिफर्डला तिची बाजू ऐकू येत होती.

"नाही गं, नाही विकली… आल्या होत्या की. रिकाम्या हाताने गेल्या… नाही, खाते चांगली… तुझ्या बाबांना हवी आहे… हो, तेच म्हणाले… हो, याच शब्दांत, माझ्यासमोर…"

बराच वेळ नॉर्वेकडून कुणीतरी बोलत राहिलं.

"नाही," डोरीन म्हणाली. "ताप वगैरे काही नाही. मी बघितला हात लावून."